गॅस आहे, वीज नाही

"काडी आधी, बटण नंतर," अण्णा मागून बजावतात.

शेगडीची ठिणगी विजेवर चालते आणि वीज सोमवारी पहाटेपासून नाही. मी काडी ओढते, बर्नरजवळ धरते, बटण फिरवते. भप्प होतं आणि निळी ज्योत गोल धरते. मग दुसरा बर्नर, तिसरा, चौथा. मोठी लेक कॅम्पिंगचा दिवा कपाळाला बांधून शेजारी उभी आहे. ती मान वळवेल तिकडे उजेड. तिला जांभई आली की उजेड छताला जातो आणि मला कुकरची शिट्टी सापडत नाही.

बुधवार, १७ फेब्रुवारी २०२१. ऑस्टिन, टेक्सस. सकाळचे साडेसहा. अण्णांच्या उशाशी असणारं सेलवरचं घड्याळ तापमानही दाखवतं, म्हणून ते आता ओट्यावर आलंय. घरात ४४ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने सातच्याही आत. बाहेर काल पहाटे पारा उणे चौदाच्या आसपास होता. खोबरेल तेलाचा दगड झालाय, तूप सुरीने कापावं लागतंय. फ्रिज बंद, म्हणून दूध-दही मागच्या अंगणात बर्फात ठेवायचं आणि पार गोठायच्या आत पुन्हा घरात आणायचं, असा एक नवाच उद्योग लागलाय. धाकट्याकडे ते खातं दिलंय. तो दर तासाला बूट चढवून दूध बघून येतो.

ओट्यावरची खिडकी दोन बोटं उघडी आहे. वरचा पंखा चालत नाही, तेव्हा चारही बर्नर पेटलेले असताना खिडकी लावून घ्यायची सोय नाही. आत येणाऱ्या वाऱ्याने डावीकडची ज्योत सारखी लवते.

सोमवारी माघी गणेशजयंती होती. पहाटे दोनच्या सुमाराला हीटरचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी गेली असेल, येईल पाच मिनिटांत. सकाळी समईच्या उजेडात तिळाचे मोदक केले आणि त्याची मुलांना गंमतही वाटली. बाप्पाला शाल पांघरली. अण्णांनी चहाचा कप हातात धरून विचारलं, "भारनियमनाचं वेळापत्रक कुठे लागतं इथे?"

मी हसले होते. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. अण्णांची सगळी हयात निफाडजवळच्या गावात द्राक्षाच्या बागेत गेली. रात्री वीज किती वाजता येणार, मोटर केव्हा चालू करायची, हे त्यांना पेपरातल्या तक्त्यावरून पाठ असायचं. टेक्ससमध्येही आळीपाळीने, थोडा थोडा वेळ वीज जाईल असंच सांगितलं होतं. पण तोडायचा भार इतका मोठा निघाला की दवाखाने, अग्निशमन केंद्रं आणि पाण्याचे पंप ज्या तारांवर आहेत त्या वगळल्यावर आळीपाळी करायला काही उरलंच नाही. ज्यांची गेली त्यांची गेलीच. आमच्या मुख्य रस्त्यापलीकडे अग्निशमन केंद्र आहे. पलीकडच्या घरांत रात्री टीव्ही चाललेला दिसतो. आमच्या बाजूला मेणबत्त्या. यात कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. घर घेताना तार कुठून आलीय हे कोण विचारतं?

अमेरिकेत विजेची मोठी जाळी तीन: पूर्वेचं, पश्चिमेचं आणि टेक्ससचं आपलं वेगळं. वेगळं राहण्यात दिल्लीची, म्हणजे इथल्या हिशेबाने वॉशिंग्टनची, लुडबुड टळते, हा इथला जुना अभिमान. आता शेजाऱ्याकडून उसनी वीज घ्यायची तर वाट चिंचोळी आहे. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रांतली उपकरणं गोठली, काही पवनचक्क्याही गोठल्या. त्यात भार तोडताना गॅस ढकलणाऱ्या कंप्रेसरांचीच वीज काही ठिकाणी गेली, आणि गॅस अडला म्हणून आणखी वीजकेंद्रं बसली. सोमवारी पहाटे जाळ्याची वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.४च्या खाली घसरली होती. नऊ मिनिटं तशीच राहिली असती तर केंद्रं आपोआप तुटत गेली असती आणि सबंध राज्य कित्येक आठवडे अंधारात बसलं असतं. त्याला साडेचार-पाच मिनिटंच उरली होती, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळणार आहे. २०११च्या फेब्रुवारीतही असंच गोठलं होतं, यंत्रणा थंडीसाठी सज्ज करा असं तेव्हाच लिहून दिलं होतं, हेही पुढच्याच आठवड्यात कळेल. आत्ता एवढंच माहीत आहे की राज्यात चाळीस लाखांहून जास्त घरं आमच्यासारखीच गारठली आहेत.

फोन वाजतो. पलीकडच्या बाजूला रोज एकदा चार्ज करून आणतो, म्हणून जपून वापरायचा. यादीवाल्या ताई आहेत.

"वहिनी, आज किती पानं?"

"बावीस होतील. डाळ संपत आलीय."

"डाळ येते. राउंड रॉकच्या एकांकडे दहा पौंडाची पिशवी आहे, त्यांच्याकडे शिजवायची सोय नाही. तुम्ही फक्त शिजवा."

ताई एरवी आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला महाप्रसादाची पानं मोजतात. सभागृहाच्या दाराशी वही घेऊन उभ्या असतात आणि कुणाच्या घरची किती माणसं येऊन गेली, हे त्यांना वहीत न बघता सांगता येतं. एरवी या गोष्टीची थट्टा होते. परवापासून त्याच वहीचा तक्ता झालाय. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात सोमवारी सकाळी निव्वळ 'काळजी घ्या' आणि 'काही लागलं तर सांगा' यांची रांग लागली होती. ताईंनी ते बंद केलं. कुणी तसं लिहिलं की त्या तिथेच विचारतात: तुमच्याकडे काय आहे ते सांगा. वीज आहे की गॅस, माणसं किती, लहान मूल, औषधं, गाडी कुठली. आमच्या नावापुढे लिहिलंय: गॅस आहे, वीज नाही, मोठी पातेली तीन.

'काही लागलं तर सांगा' हे आपल्याकडचं सर्वांत निरुपयोगी वाक्य असावं. लागतं त्याला सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्याला काय द्यावं ते कळत नाही. आपल्या माणसांत तर 'कशाला उगाच त्रास' म्हणत दात वाजवत बसण्याची रीतच आहे. तक्त्यात एका कुटुंबापुढे 'आम्ही बरे आहोत' एवढंच आहे. ताईंना ते खटकतंय. "तिसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट, सगळं विजेवर, लेकराला दमा. बरे कसे असतील?" त्या मला विचारतात, जणू मलाच लपवलेलं माहीत आहे.

खिचडीला फोडणी बसते. हिंग, मोहरी, भरपूर लसूण. कढईतून वाफ निघते ती अख्ख्या स्वयंपाकघरात पांढरी उभी राहते. लेक म्हणते, "आई, तू दिसत नाहीयेस."

हॉलमध्ये अण्णांचा आणि समोरच्या बाईंचा कालचा वाद अजून निवलेला नाही. अण्णांना अंगणातली कोळशाची ग्रिल आत आणायची आहे. शेकोटी करून भोवती बसायचं, यात वावगं काय? समोरच्या बाई नर्स आहेत. काल दारात उभं राहून, मास्कमधून, त्यांनी अण्णांना जवळजवळ दटावलं. ह्यूस्टनकडे घराघरांतून माणसं कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध होऊन दवाखान्यात येताहेत. कुणी ग्रिल आत आणतंय, कुणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून तिच्यात बसतंय. वास येत नाही, धूर दिसत नाही. मी भाषांतर करत होते, आणि तेही निम्मंच, कारण सासऱ्यांना 'मूर्खपणा' हा शब्द कसा सांगायचा? पण त्यांना सूर कळला. तेव्हापासून ते गप्प आहेत.

आता चहाचा कप घेताना म्हणतात, "थंडी पडली की आख्खी रात्र बागेत शेकोट्या केल्यात आम्ही. घडांना धूर द्यायचा, ठिबक सोडून ठेवायचं, म्हणजे मुळाशी ऊब राहते." थोडं थांबतात. "बागेला छप्पर नसतं, ते खरं आहे."

ग्रिल अंगणातच राहते.

नऊ वाजता पलीकडचा शेजारी पिकअप घेऊन येतो. हा टेक्ससचाच, साठीचा, टोपी घालूनच जन्मला असावा असा. चारही चाकांना जोर देणारी गाडी गल्लीत त्याच्याचकडे आहे, म्हणून तोही ताईंच्या तक्त्यात आहे. मंडळाशी त्याचा संबंध एवढाच की दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा मोदक हातात घेऊन, हा सालासकट खायचा का, असं विचारून त्याने हसवलं होतं. मागे मांजराच्या 'लिटर'च्या पिशव्या रचल्यात. चाक फिरायला लागलं की पुढे ती रेती टाकायची. बर्फ लोटणारी वाहनं या शहराकडे असतील कशाला? १९४९ नंतर एवढा बर्फ इथे पडलेला नाही.

नवरा मुलांपाशी थांबतो, मी पातेलं मांडीवर घेऊन पुढे बसते. मोपॅक महामार्गावर माणूस नाही. काल रात्री बर्फावर पाऊस पडून गोठला, त्यामुळे सगळ्यावर काचेचं कवच आहे. लाइव्ह ओकची झाडं हिवाळ्यातही पानं सोडत नाहीत. त्या पानापानावर बर्फ धरल्याने फांद्या खांद्यापासून निखळून रस्त्यावर आल्यात. सोडून दिलेल्या गाड्या वाटेल त्या दिशेला तोंड करून उभ्या आहेत. समोर डाउनटाउनचे मनोरे. करोनामुळे वर्षभर ज्यांत कुणी कामाला आलेलं नाही, अशा इमारतींतले दिवे या दोन रात्री लखलखत होते. त्याचे फोटो शहरभर फिरले आणि लोक खवळले. तिथल्या तारांवरही म्हणे अत्यावश्यक काहीतरी आहे.

विद्यापीठाच्या पश्चिमेला तिथे शिकणाऱ्या मुलांचं अपार्टमेंट. सांगली, नांदेड, पुणे, आणि एक हैदराबादचा, जो दोन वर्षांत मराठी शिव्या शिकलाय. चौघं एकाच खोलीत गाद्या एकत्र करून झोपताहेत. शेगडी विजेची. परवापासून ब्रेड, शेंगदाण्याचं बटर आणि कोरडे नूडल्स. मी जिन्यातच मास्क लावून पातेलं ठेवते. नांदेडचा झाकण उघडून वाफेत तोंड घालतो.

"काकू, तूप आहे का?"

आहे. सुरीने कापलेली ढेप आहे, फॉइलमध्ये बांधून आणलेली.

परतताना शेजारी लिअँडरच्या एच-ई-बी या किराणा दुकानाची गोष्ट सांगतो. काल दुकान माणसांनी भरलेलं असताना वीज गेली, गल्ला बंद. कर्मचाऱ्यांनी भरलेल्या ढकलगाड्या तशाच जाऊ दिल्या. पैसे नकोत, घरी सांभाळून जा. सांगताना त्याचा आवाज जरा जड होतो. मग लगेच तो दुसरी गोष्ट काढतो, कोलोराडो सिटी नावाच्या पश्चिमेकडच्या लहान गावच्या महापौराची. वीज-पाणी देणं हे आमचं काम नाही, ज्याचं त्याने बघावं, अशा अर्थाचं त्यांनी फेसबुकवर लिहिलं. आता महापौरपद सोडल्याचंही त्यांनीच कळवलंय. दोन्ही गोष्टी एकाच राज्यातल्या, एकाच दिवशीच्या. मला दुसरीपेक्षा पहिलीचीच भीती वाटते थोडी. 'बघा आमची माणसं कशी धावून आली' म्हणताना वीजकेंद्रं का बसली, हा प्रश्न मागे पडायला वेळ लागत नाही. पूर आला की मुंबईचं 'स्पिरिट' निघतं, तसलाच प्रकार.

दुपारी पारा जरासा शून्याच्या वर सरकतो, आणि खरी आपत्ती तेव्हा सुरू होते. गोठलेला पाइप गोठला असेपर्यंत गळत नाही. वितळायला लागला की चीर कुठे पडलीय ते कळतं. इथल्या घरांत पाण्याचे पाइप बरेचदा माळ्यावरून, छताच्या वरून नेलेले असतात. उन्हाळ्याच्या देशात थंडीचा विचार करून घर कोण बांधतं?

डावीकडच्या घरातून आजींची हाक येते. आजोबा ऐंशीचे, आजी त्याहून थोड्या लहान. आम्ही धावतो. बैठकीच्या खोलीत जिप्समचं छत मधोमध फुगून खाली आलंय आणि त्याच्या टोकातून पाणी गळतंय, आधी थेंब, मग धार. आम्ही सोफा ओढेपर्यंत तो फुगा फुटतो. छताचा चौकोन, त्यावरचा ओला गुलाबी इन्सुलेशनचा कापूस, आणि माळ्यावर साठलेलं बर्फासारखं पाणी, सगळं गालिच्यावर. आजी हातात घड्याळ घेऊन उभ्या आहेत, लग्नातलं. एवढंच उचललं त्यांनी.

"मेन कॉक कुठाय?" अण्णा मराठीतच विचारतात.

कुणालाच माहीत नाही. आजोबांना वाटतं गॅरेजमध्ये, तिथे हीटरचा आहे. नवरा फोनवर शोधायला लागतो. अण्णा तोवर बाहेर पडलेत, वर माझी जांभळी शाल, पायांत मुलाच्या क्रिकेटच्या मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. रस्त्याच्या कडेला काठीने बर्फ टोचत चालतात. घरापासून रस्त्यापर्यंत सरळ रेघ मनात धरायची, पाणी तिथूनच शिरतं. काठी ठण्ण वाजते.

झाकण लोखंडी, बशीएवढं, आणि बर्फाने चिकटलेलं. मी घरातून उकळतं पाणी आणते, कडेने सोडते. नवरा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतो. आत चिखल, एक मेलेली गोगलगाय, पाण्याचा मीटर, आणि त्याच्या अलीकडे पितळी कॉक, वर बोटभर उंचीची चपटी कळी. हाताने फिरणं शक्य नाही. त्यासाठी टी आकाराची लांब दांड्याची किल्ली लागते. ती गल्लीत एकाकडेच असल्याचं ताईंच्या तक्त्यात लिहिलंय, 'पाण्याची किल्ली' अशा रकान्यात. तो रकाना मी सोमवारी वाचला होता आणि ताईंचं हे जरा अतीच, असं मनात म्हटलंही होतं.

त्या घरचा पोरगा सायकल हातात धरून, बर्फातून ढकलत किल्ली आणतो. अण्णा ती त्याच्याकडून घेतात, खाली उतरवतात, दात कळीवर बसेपर्यंत हलवतात. पाव वळसा. थोडं अडतं. "जोर लावू नको, मोडेल," ते नवऱ्याचा हात बाजूला सारतात आणि दोन्ही तळहातांनी सावकाश फिरवतात. कळीवरचं भोक खालच्या भोकासमोर येतं. मीटरची बारीक लाल चकती गरगरत असते ती मंद होते. थांबते.

आतून आजींचा आवाज येतो, धार थांबली म्हणून.

अण्णा किल्ली परत देत नाहीत. खांद्यावर टाकतात आणि पुढच्या घराकडे निघतात. किल्लीवाला पोरगा, माझा धाकटा आणि ते, अशी वरात गल्लीच्या टोकापर्यंत जाते. दार वाजवायचं, 'वॉटर ओके?' एवढं विचारायचं, झाकण शोधून उघडून ठेवायचं आणि त्याजागी खुणेची काठी रोवायची. काठ्या आमच्या टोमॅटोच्या वाफ्यातल्या. काल ज्यांनी दटावलं त्या समोरच्या बाई दार उघडतात. अण्णा त्यांच्याही अंगणात काठी ठोकतात, जरा जास्तच जोरात.

चारनंतर आमचा नळ करंगळीएवढा येतो. गेले काही दिवस पाइप गोठू नयेत म्हणून सगळं शहर नळ ठिबकत ठेवून बसलंय, मीही. आता विनंती आहे की ठिबक बंद करा, टाक्या रिकाम्या होताहेत. फुटलेल्या पाइपांतून वाहून गेलं ते वेगळंच. एकेका घरापुरतं शहाणपणाचं होतं, सगळ्यांनी केल्यावर ते अंगाशी आलं. संध्याकाळी पाठोपाठ दुसरी सूचना येते: जे पाणी येतंय ते उकळल्याशिवाय पिऊ नका. सबंध शहराला. ज्यांची शेगडी विजेवर आहे त्यांनी ते कशावर उकळायचं, हे सूचनेत नाही.

धाकटा बादलीभर बर्फ आणून चुलीवर चढवायला सांगतो. भल्यामोठ्या पातेल्यातला ढीग खाली खाली बसत जातो आणि तळाशी दोन-तीन तांबे गढूळ पाणी उरतं. त्यात एक पान, एक केस. तो पातेल्यात बघतो, मग माझ्याकडे.

"फसवलं," म्हणतो. ते संडासाच्या बादलीत जातं.

रात्री दहाला एकदम हीटर घरघरतो, फ्रिज थरथरतो, मायक्रोवेव्ह बीप करतो, आणि आम्ही विसरलेले सगळे दिवे एकदम लागतात. मुलं ओरडतात. नवरा धावत जाऊन एकेक दिवा बंद करत सुटतो. वीज आली म्हणून सगळ्यांनी सगळं लावलं की पुन्हा जायची.

मी गटात लिहिते: आमच्याकडे आली. मिनिटभरात ताईंचा फोन.

"ते तिसऱ्या मजल्यावरचे. मी आता सरळ त्यांच्या बायकोला फोन केला. बाळाचं नेब्युलायझर गाडीच्या प्लगवर चालवताहेत. पेट्रोल पाव टाकी. तुमच्यापासून जवळ आहेत."

मी गप्प होते. करोना आहे. अण्णा चौऱ्याहत्तरचे. त्यांना लशीचा पहिला डोस मिळालाय, दुसरा याच आठवड्यात होता, तोही बर्फामुळे रद्द झाला. वर्षभर आम्ही कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. डावीकडच्या आजी-आजोबांना मघाशी त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला, तेव्हा मला हलकं वाटलं होतं, आणि का ते मला ठाऊक आहे. नवरा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. दोघंही एकमेकांनी बोलावं म्हणून थांबलोय.

फोन स्पीकरवर आहे, ते ऐकून अण्णा उठून आलेत. "मुलांची खोली द्या त्यांना, खिडकी उघडी ठेवून. तिथली बाथरूम वेगळी आहे. मी माझ्या खोलीतून बाहेर येत नाही. जेवण दाराशी ठेवा." मग फोनकडे वाकून, मोठ्याने, "लेकराला आणा म्हणावं. पायऱ्यांवर मीठ टाकलंय."

पाऊण तासाने ते येतात. तिघंही मास्कमध्ये, अंगावर घरातले असतील नसतील तेवढे कपडे, बाळ दोन गोधड्यांत. तो दारातच "तुम्हाला उगाच" असं काहीतरी सुरू करतो. मी त्याच्या हातात उशा देते. नेब्युलायझरचा आवाज सुरू होतो. लेक आपली खोली गेल्याबद्दल हॉलमध्ये, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, भावाशी भांडते.

ताईंचा मेसेज पडलेला आहे: उद्या पिण्याचं पाणी किती लिटर उकळून देता येईल? लोक आपापलं पाणी आणतील, बाटल्याही.

"साठ लिही," बंद दाराआडून अण्णा म्हणतात. "आणि मंडळाचं ते गणपतीतलं पातेलं कुणाकडे आहे, ते विचार."